बिना सेवचे पोहे

यार, ही नोकरी मला कशी लागली, सांगितलंच नाही ना? इंटरव्ह्यूत मॅडमनी विचारलं, "टीममध्ये भांडण झालं तर काय कराल?"

मी पाठ केलेलं सुरू केलं, "दोन्ही बाजू शांतपणे ऐकून..."

"हे सकाळपासून सगळेच सांगताहेत. तुमच्या टीममध्ये खरंच कधी भांडण झालं असेल, तर ते सांगा."

मग सांगून टाकलं. जुन्या ऑफिसात मनीष आणि कुलकर्णी काका महिनाभर बोलत नव्हते. एकदा मी सगळ्यांसाठी पोहे आणले आणि सेव दुकानातच राहिली. मनीष उखडला, "भिया, बिना सेव के पोहे कौन खाता है?" काका म्हणाले, "बरोबर बोलतोय तो." दोघांनी मिळून मला झापलं आणि एकाच गाडीवर बसून सेव आणायला गेले.

"मुद्दाम केलंत?"

"नाही जी, विसरलो होतो."

मॅडम हसल्याही नाहीत. वाटलं, गेली नोकरी. पण संध्याकाळी फोन आला.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला मीटिंग रूममध्ये नेलं. टेबलाच्या दोन टोकांना दोघं जण तोंड फिरवून बसलेले. मॅडमनी माझ्या हातात पोह्यांची थैली दिली आणि हळूच म्हणाल्या, "सेव माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. यांचं जमलं की घेऊन जा."