आधी एक घोट

देवळात तीर्थ पिऊन बाया मरतात आणि अंगावरचं सोनं गायब होतं, ही बातमी लातूरभर झाली होती. बसस्थानकात ट्रंक घेऊन गाडीची वाट बघत बसलेल्या साबेराच्या मागच्या बाकावर कमलम्माला एक अनोळखी बाई समजावत होती.

“अक्का, लेकीचा मेडिकलला नंबर लागंलच. उद्या पूजेला एकट्याच या, सगळं सोनं घालून. तीर्थ हे बघा, बाटलीत तयार हाय.”

“तू कुठली गं?”

“किल्लारीची. तुमच्यासारखी लिंगायतच. भूकंपात समदे गेले.”

“मग गळ्यातलं इष्टलिंग?”

“ते बी ढिगाऱ्यात गेलं.”

“अगं, लिंगायत माणूस मातीत जाईपर्यंत ते अंगावरून उतरत न्हाई. आण ती बाटली. आधी तू घे एक घोट.”

“माझी गाडी लागली, येते मी.”

साबेरानं आपली ट्रंक त्या बाईच्या वाटेत आडवी लावली.