पाहुण्यांपुरती लिफ्ट

हे कुणाला सांगायचं नाही, असं सोसायटीच्या चेअरमनकाकांनी मला बजावलंय, तेव्हा तुमच्यापाशीच ठेवा. आमची वस्ती हडपसरच्या या सातमजली इमारतीत आणली, पण लिफ्टला अजून वीजच जोडलेली नाही. आज घरांसाठी मदत देणारे परदेशी पाहुणे येणार होते, म्हणून भाड्याचा जनरेटर आणून लिफ्ट चालू केली. उरलेल्या घरांची इमारत त्यांच्याच मदतीवर अडली आहे, त्यामुळे सगळे जपून बोलत होते. इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे होतं.

सातव्या मजल्यावरच्या कांबळेआजोबांचे गुडघे गेलेत. राहायला आल्यापासून ते आज पहिल्यांदाच खाली येऊन उन्हात बसले. पाहुण्या बाईंनी त्यांनाच विचारलं, "नवं घर कसं वाटतं?"

आजोबा म्हणाले, "घर उत्तम आहे. तुम्ही आलात म्हणून लिफ्ट चालली आणि मला खाली यायला मिळालं. रोज येत जा म्हणावं."

चेअरमनकाका माझ्याकडेच बघत होते. मी हळूच एवढंच सांगितलं, "आजोबा म्हणतात, रोज येत जा." बाईंनी खूश होऊन हात जोडले.

पाहुणे गेले आणि पाठोपाठ टेम्पोत घालून जनरेटरही गेला. आजोबा खालीच राहिले.

"अहो आजोबा, वेळेत वर जायचं ना!" चेअरमनकाका म्हणाले.

"मला कुठे घाई आहे? पाहुणे परत येईपर्यंत बसतो की."

मग आजोबांनी मला जवळ बोलावून विचारलं, "पोरी, मी बोललो ते सगळं सांगितलंस ना बाईंना?" मी त्यांना म्हटलं की... थांबा, चेअरमनकाका हाक मारताहेत.

"स्नेहल, ये लवकर! आजोबांना खुर्चीसकट वर नेतोय, त्यांची काठी धर!"