नवनाथचं वाचन

मिहिर : थांबा वहिनी, ते बटण दाबू नका. आधी माउसवरचा हात काढा.

स्वरूपा : का? इथं लिहिलंय ना, ब्राउझरला जोडलेली, बंद पडलेली जुनी एक्स्टेन्शन्स यानं पुन्हा चालतात. ब्राउझर अपडेट झाला आणि नवनाथनं केलेलं ते बातम्या वाचून दाखवणारं बंद पडलं. आईंनी वर्षभर त्या वाचनाचं नाव काढलं नव्हतं. आता आठवडाभर एकच धोशा लावलाय, ते सुरू कर.

मिहिर : खालची ओळ वाचलीत? 'तुम्ही उघडाल त्या प्रत्येक साइटवरचं सगळं वाचण्याची आणि बदलण्याची परवानगी.' याच ब्राउझरमध्ये तुमची बँक आहे, शाळेचे मेल आहेत. नळ दुरुस्त करायला आलेल्याच्या हातात कपाटाची किल्ली देतो का आपण? हे कुणी बनवलंय त्याचा पत्ता नाही. ब्राउझरच्या अधिकृत स्टोअरमध्येही हे नाही.

स्वरूपा : मग दुसरा मार्ग?

मिहिर : आहे. नवनाथनं लिहिलेला मूळ कोड माझ्याकडे आहे. ऑफिसात शेजारी बसायचो आम्ही. काकूंची नजर गेल्यापासून सगळे जेवायला गेले की तो मीटिंग रूमचं दार लावून घ्यायचा आणि एकटाच वाक्यं वाचत बसायचा, आवाज भरायला. त्यावरून संगणक कुठलीही नवी बातमी त्याच्याच आवाजात वाचायचा. नवीन नियमांप्रमाणे मी ते थोडं दुरुस्त करून आणलंय. काकूंसाठी वेगळं प्रोफाइल करू, त्यात तुमचा एकही पासवर्ड नसेल. आणि परवानगी फक्त बातम्यांच्या त्या एका साइटची. बाकी कुठं त्याला डोकावता येणार नाही.

स्वरूपा : म्हणजे तोच आवाज?

मिहिर : तोच.

स्वरूपा : भाऊजी, हळू बोला. आई आत आहेत. त्यांना सांगा, जमत नाही म्हणून.

मिहिर : आत्ता तर तुम्हीच शोधत होतात.

स्वरूपा : शोधत होते आणि मनात म्हणत होते, मिळू नये. त्याचं हेल्मेट दाराशी आहे, डबा आहे, शर्ट आहेत. तेवढं मला पेलतं. आवाज नाही पेलायचा. तो बोलणार, मी सवयीनं उत्तर देणार, आणि त्याला ते ऐकू जाणार नाही. या घरात मी राहायचं कसं मग?

कौशल्याबाई : मिहिर, मला खोटं सांगू नगंस. भिताडाच्या अल्याडच बसलीया मी.

स्वरूपा : आई, तसं नव्हतं म्हणायचं मला.

कौशल्याबाई : ठावं हाय. बस हितं. तुला कदी सांगितलं न्हाई, आज सांगते. त्यो गेला त्या राती तुमी समदी दवाखान्यात. मला म्हनलात, गाडीवरनं पडलाय, पायाला लागलंय. शेजारची सुमनताई माज्यापाशी निजाया आलती. सकाळी ती दूध आणाया गेली. मला काय करमंना. नवनाथनं त्या कीबोर्डच्या एका बटणावर टिकली चिटकवून दिलती, माज्या बोटाला कळावी म्हणून. ती दाबली की पेपर उगडायचा आन् ह्यो वाचाया लागायचा. म्हनलं, पोरगं दवाखान्यात हाय, तवर त्याचा आवाज तरी कानावर पडू दे.

स्वरूपा : त्या सकाळी?

कौशल्याबाई : व्हय. पयली बातमी कांद्याच्या भावाची. मंग दुसरी लावली. चाकणच्या रस्त्याला कंटेनरनं दुचाकीवाल्याला उडवलं, जागीच गेला. मनात म्हनलं, कुणाचा गं बाई लेक. आन् मंग त्येनं सोताचंच नाव वाचलं. राहनार थेरगाव, समदं वाचलं. अडखळला बी न्हाई. कांद्याची वाचली तशीच वाचली.

मिहिर : काकू, पाणी देऊ का?

कौशल्याबाई : नगं.

स्वरूपा : पण आम्ही दुपारी येऊन तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही...

कौशल्याबाई : तवा पयल्यांदाच ऐकल्यावानी रडले. तू माजा हात धरून किती येळ बसलीवतीस. तुला कसं सांगू, का मला त्येनंच सांगितलंय?

स्वरूपा : वर्षभर हे एकटीनं...

कौशल्याबाई : तवापासनं त्या बटणाला हात लावला न्हाई. पर राती डोळं मिटलं का त्यो वाचाया लागतो. तीच बातमी. पुन्हा पयल्यापासनं. त्याच्या तोंडचं शेवटचं तेवढंच ऱ्हायलंय माज्यापाशी. वर्षसराद जवळ आलं. म्हनून म्हनते, येकदा सुरू करा. ती सोडून कायबी वाचू दे त्येला.

मिहिर : वहिनी, तुम्ही सांगाल तसं. तुम्ही नको म्हणालात तर मी आत्ता उठतो.

स्वरूपा : करा सुरू.

मिहिर : नक्की?

स्वरूपा : मी इथंच बसते. आई, हात द्या इकडं.

मिहिर : हे नवं प्रोफाइल. ही परवानगी, एकाच साइटचं नाव आहे ना, बघा. तुम्ही स्वतः वाचा आणि मगच होकार द्या.

स्वरूपा : एकच आहे. दिला.

मिहिर : कुठली बातमी लावू? सगळ्यात वर अपघाताची आहे.

स्वरूपा : ती नको. खाली घ्या. अजून खाली. ही, ही लावा.

(संगणकातून एका तरुण पुरुषाचा शांत आवाज येतो.)

आवाज : रावेत येथील पंपिंग स्टेशनच्या दुरुस्तीसाठी गुरुवारी थेरगाव आणि परिसरातील पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी पाणी कमी दाबाने येईल. नागरिकांनी पाण्याचा पुरेसा साठा करून ठेवावा.

मिहिर : बंद करू का वहिनी?

स्वरूपा : नको. राहू दे.

कौशल्याबाई : स्वरूपा, बुधवारी समदी पिंपं भरून ठेव. त्यो सांगतोय.