बत्तीस वर्षांनी शेजारी

हाडांच्या डॉक्टरांकडे माझ्या शेजारच्या बाकावर रंगाचे एक व्यापारी पायाला प्लास्टर घालून बसले होते. सोबत त्यांची बायको.

“दुकानात चार माणसं कामाला आहेत. चर्चच्या खिडक्या रंगवायला शिडीवर तुम्हीच चढायला हवं होतं?”

“सेवा आहे ती. नोकरांकडून करून घ्यायची नसते.”

“मग आता महिनाभर माझ्याकडून करून घ्या.”

“अगं, पण रविवारी चर्चच्या दारात कोण उभं राहणार? लोकांना जागा कोण दाखवणार?”

“दाखवेल कुणीतरी. बत्तीस वर्षं सगळ्यांना बसवलंत आणि मी एकटी बसले. या रविवारी माझ्या शेजारी बसायचं.”

“मला बसायची सवय नाही गं. उपदेश चालू असताना डोळा लागला, घोरलो, तर?”

“घोरा खुशाल. शेजारी तरी असाल.”