मागणं सुचेना तेव्हा

—अगं, काय मागायचं ते ठाऊक नसलं म्हणून काय झालं? लाजतेस काय! फिलिपिन्सभरची माणसं येतात त्या सेबूच्या या चर्चच्या अंगणात तीस वर्षं मेणबत्त्या विकतेय मी, दुसऱ्यांसाठी नाचतेय — गिऱ्हाईकानं मागणं सांगायचं, मी त्याच्या मेणबत्त्या हातात धरून दोन पावलं पुढं, एक पाऊल मागं, नाचत नाचत बाळयेशूच्या कानावर घालायचं. नवरा घरी परतू दे, पोरगं परीक्षेत पास होऊ दे, गाठ साधी निघू दे — सगळं तोंडपाठ. आणि स्वतःवर वेळ आली तर? तोंडाला कुलूप! हस, हस — मीपण सकाळपासून हसतेच आहे.

त्याचं काय झालं — शुक्रवारी माझ्या पोरीचा फोन, होवेलिनचा, कॅनडात असते ती. ‘आई, व्हिसा झाला तुझा, आता ये, पोरं वाट बघतायत.’ मी आनंदानं अर्धी वेडी! आणि त्याच दुपारी दोलो आला. दोलो म्हणजे तो रस्त्यापलीकडचा, नारळाच्या पातीच्या पुडक्यांत भात शिजवून विकतो तो — वळून बघू नकोस गं! माझा नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून हा रोज दुपारी भाताची दोन पुडकी माझ्यापुढं ठेवतो नि जातो, बोलत काही नाही. शुक्रवारी बोलला. ‘बासिलिया, लग्न करशील माझ्याशी?’ एवढंच — आणि कान हे लालबुंद! एकसष्टाव्या वर्षी, बाई! त्याचेच काय, माझेही कान लाल!

आता काय मागायचं, सांग? व्हिसा रद्द होऊ दे म्हणून कुणी मेणबत्ती लावतं? दुःखात मागणं आपसूक तोंडात येतं गं, पण दोन्हीकडून सुखच अंगावर आलं तर? आज सकाळी पहिल्या मिस्साच्या प्रार्थनेला गुडघे टेकले, ‘प्रभू’ म्हटलं — पुढं शब्दच नाही. बाहेर आले, या शेजारच्या कोन्सुएलोकडून मेणबत्त्या घेतल्या. ती म्हणते, ‘बोल, काय मागू तुझ्यासाठी?’ म्हटलं, ‘तू काही मागू नकोस, मीच नाचते.’ नि नुसती नावं घेतली बघ — होवेलिन, तिची पोरं, माझा गेलेला नवरा, दोलो, होवेलिन, दोलो, दोलो — आणि असं हसू फुटलं, पावलंच चुकली! कोन्सुएलो ओरडतेय, ‘अगं, केस जाळून घेशील!’ म्हटलं, देवा, मला मागता येत नाही, तुला दिसतंय ना सगळं? मग तूच बघ.

आणि तशीच, धापा टाकत, पोरीला फोन लावला. दोलोचं सगळं सांगितलं. तिकडून नुसता नाक ओढल्याचा आवाज. झालं, म्हटलं, रागावली. तर रडत होती गं — रडत का हसत, कोण जाणे. म्हणाली, ‘आई, तू तिथं एकटी पडलीस म्हणून दोन वर्षं त्या कागदांमागं धावले मी. एकटी नाहीयेस ना? मग कर की लग्न! नाताळला आम्हीच येतो.’ हातात फोन घेऊन पुन्हा नाचले मी, बिनमेणबत्तीची!

तर असं ठरलं बघ, हो म्हणायचं. काय? तो काय म्हणाला? कोण, दोलो? ...

अगं बाई! त्याला कुठं सांगितलंय अजून! कोन्सुएलोला सांगितलं, फादरना सांगितलं, तू कोण कुठली, तुला सांगितलं — तो एकटा तेवढा राहिला! सरक बाजूला, मेणबत्ती कोन्सुएलोकडून घे, जा — अगं जा ना! दोलो! ए दोलो!