एकही गेम सापडला नाही

नाही, पण मला एक सांगा, दिसणं म्हणजे काय? वस्तू डोळ्यांसमोर आहे, उजेड आहे, मध्ये भिंत नाही, पडदा नाही, तरी समोरचा शांतपणे म्हणतो, "इथे काही नाही"... याला तुम्ही काय म्हणाल? मी याला दगा म्हणतो! दोन हजार बावीस साल, उन्हाळ्याचा शेवटचा आठवडा, बुधवार, सकाळचे दहा. वार-वेळ मी विसरत नाही. चाळीस वर्षं कारखान्यात स्टोअरकीपर होतो, अकराशे हत्यारं माझ्या ताब्यात. पितळी बिल्ला द्या, हत्यार न्या. हत्यार आणा, बिल्ला न्या. मधलं बोलणं नाही. मोठे साहेब आले तरी बिल्ला! वीज गेली तरी हात घातला की आठ नंबरचा पाना हातात यायचा. अशा माणसाला त्या बुधवारी एक यंत्र तोंडावर सांगतं, "एकही गेम सापडला नाही." समोर आहे, आणि म्हणतं सापडत नाही!

थांबा. गेम म्हटल्यावर हसलात. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस आणि गेम... हसायचं ते आत्ताच हसून घ्या, पुन्हा पुन्हा थांबणार नाही मी. झालं? ऐका.

माझी नात. मुलीची मुलगी, पण वाढली आमच्याकडे. दोन वर्षांपूर्वी शिकायला दुसऱ्या शहरात गेली, होस्टेलवर. जाताना स्वतःचा कॉम्प्युटर मला देऊन गेली. आयता आणलेला नव्हे! एक अख्खी सुट्टी जमिनीवर बसून तिने एकेक भाग जोडून उभा केलेला. मी शेजारी बसून स्क्रू देत होतो. मागेल तेवढाच, मागेल तेव्हाच. आणि त्यात एक गेम ठेवून गेली. अवजड ट्रकचा. डोंगर, घाट, चिखल, बर्फ... ट्रकमध्ये दोघं बसतात, एक चालवतो, दुसरा नकाशा वाचतो. ती तिच्या खोलीतून नकाशा वाचणार, मी इथून चालवणार. मी म्हटलं, उलट कर, मी वाचतो. तर म्हणाली, "आबा, तुम्ही जन्मभर खिडकीच्या आत बसून दुसऱ्यांना हत्यारं दिलीत. आता चालवा." मी चालवायला लागलो.

दर रविवारी चार वाजता. तुम्हाला सांगतो, आयुष्यात सायकलीपलीकडे मी काही चालवलेलं नाही, आणि त्या घाटात अठरा चाकं माझ्या बोटांवर! साडेतीनलाच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत हजर. आमची ही म्हणते, "अहो, तिला तुमचा चेहरा दिसत नाही." नसेल दिसत. ड्यूटी ती ड्यूटी.

तर महिनाभरापूर्वी हे चित्र अडकायला लागलं. म्हणजे कसं? वळण आलं, मी चाक वळवलं, चित्र थांबलं. थांबलं ते थांबलंच... आणि पुन्हा हललं तेव्हा ट्रक हवेत! एका रविवारी दरीत. दुसऱ्या रविवारी दरीत. तिसऱ्या रविवारी दरीत पडताना पुन्हा अडकलं, म्हणजे मी अर्धा मिनिट दरीत अधांतरी, आणि ही मागून विचारते, "चहा आत्ता घेणार की पडल्यावर?"

त्या तिसऱ्या रविवारी नात म्हणाली, आणि आवाज असा मऊ केला की मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, "आबा, रागावू नका हं. पुढच्या रविवारी स्पर्धा आहे. तोपर्यंत चित्र सुधारलं नाही तर ह्या वेळी माझी रूममेट चालवेल. तुम्ही बघत बसा ना. बघायलाही मजा येते."

बघत बसा! चाळीस वर्षं खिडकीतून बघतच बसलो होतो की!

मी म्हटलं, सुधारेल. म्हणाली, "सोपं आहे, आबा. ग्राफिक्सचा एक प्रोग्रॅम येतो. तो टाकायचा. तो आपणहून गेम शोधतो आणि आपणहून चित्र नीट लावतो. तुम्हाला फक्त एक बटण दाबायचंय."

एक बटण! जगात जिथे जिथे माणूस फसलाय ना, तिथे त्याला आधी कुणीतरी सांगितलेलं असतं की एकच बटण आहे.

बुधवारी टाकला प्रोग्रॅम. दाबलं बटण. एक गोल फिरायला लागला. फिरतोय, फिरतोय... मी मनात म्हटलं, शोधतोय बरं का, कसून शोधतोय, माणूस कामाचा दिसतो. आणि पाच मिनिटांनी काय लिहून आलं? "एकही गेम सापडला नाही." अरे, एकही नाही? मी तो बाजूला सारला, गेमच्या चित्रावर दाबलं, गेम सुरू. ट्रक उभा, दिवे लागलेले, इंजिनची घरघर घरभर! पुन्हा त्याच्याकडे गेलो, म्हटलं, आता? आता तर ऐकूही येतंय! गोल फिरला. "एकही गेम सापडला नाही." समोर आहे, घरघरतोय, आणि म्हणतो सापडत नाही!

मग काय करतो माणूस? कॉम्प्युटर बंद केला, चालू केला. प्रोग्रॅम काढला, पुन्हा टाकला. पुन्हा काढला, पुन्हा टाकला. ही म्हणाली, "अहो, चष्मा त्याला लावा." मी दुर्लक्ष केलं. कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. वीस मिनिटं संगीत ऐकवलं, आणि मग एक बाई, आवाजात नुसता पाक, "नमस्कार सर, आपला अनुभव आमच्यासाठी खूप महत्त्वाचा आहे, आपण कॉम्प्युटर बंद करून चालू केला का?" केला. "पुन्हा एकदा कराल का, सर?" केला. "आता गेम सापडला का, सर?" नाही! "सर, गेम आपल्याकडे आहे याची आपल्याला खात्री आहे का?"

तळपायाची आग मस्तकात गेली. बाई, म्हटलं, अकराशे हत्यारं सांभाळली, निवृत्तीच्या दिवशी मोजणी झाली, अकराशेच्या अकराशे निघाली, आणि तुम्ही मला विचारता, आहे का? तर म्हणते कशी, "आपण समाधानी असल्यास एक दाबा."

गुरुवारी गल्लीच्या टोकाचा दुरुस्तीवाला बोलावला. तिशीचा माणूस, चार पेनं खिशाला, आला तोच घाईत. खुर्चीत बसला, कटकट कटकट दहा मिनिटं केलं आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही गेम जागेवरून हलवला का?"

मी? जागेवरून? मी नुसतं त्याच्याकडे बघितलं. ज्या नजरेने फिटर लोक बिल्ला न देता पाना मागायला आले की मी बघायचो ना, तसं. म्हटलं, माझ्या हातून वस्तू जागेवरून हलत नाही. चाळीस वर्षांत हललेली नाही. दुसरं काही असेल तर बोला.

बिचारा वरमला. म्हणाला, "मग मशीनच जुनं झालं असेल. मला तरी दुसरं काही दिसत नाही." आणि बॅग उचलून गेला.

बघा! ह्यालाही दिसत नाही! प्रोग्रॅमला दिसत नाही, पाकातल्या बाईला दिसत नाही, पेनवाल्याला दिसत नाही, सगळं जग आंधळं आणि मी एकटा डोळस! मग हे "जुनं मशीन" माझ्या डोक्यात फिरायला लागलं. जुनं. म्हणजे तिला माहीत होतं? म्हणजे चांगलं स्वतःबरोबर नेलं आणि... फिरत फिरत ते कुठून कुठे गेलं आणि मी फोन उचलला.

बोललो. हो, बोललो, लपवत नाही. म्हटलं, "तू मला भंगार देऊन गेलीस. तुला टाकायला जागा नव्हती म्हणून आजोबाच्या गळ्यात मारलंस. आणि आता ट्रकमधूनही उतरवतेस. उतरव. बसव तुझ्या रूममेटला."

ती नेहमी वाद घालते, वकिलासारखी घालते! त्या दिवशी एवढंच म्हणाली, "बरं, आबा." आणि फोन ठेवला.

ही दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. काही बोलली नाही. आता तुम्हाला सांगतो, पन्नास वर्षांच्या संसारात ही बोलली नाही असे प्रसंग मला बोटांवर मोजता येतात, आणि त्यांतला एकही बरा नव्हता.

शुक्रवारी सकाळी चहा आणून आदळला आणि शेजारी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "मला एक सांगा. पोरीने गेम ठेवला होता कुठे?"

म्हटलं, ठेवला कसला, टाकला होता! कॉम्प्युटर उघडला की अगदी दारातच! तिथेच गेम, तिथेच तिची गाणी, तिथेच आपली विजेची बिलं, तुझ्या डोळ्यांच्या तपासणीचे कागद, सगळा पसारा एकत्र. आणि मागे एवढी मोठी खोली रिकामी!

"मग?"

मग काय? लावलं सगळं. गेल्या महिन्यात दोन दिवस बसून लावलं. त्या मागच्या खोलीत सहा कपाटं केली, प्रत्येकात चार खण. कपाट एक कागद, कपाट दोन फोटो, कपाट तीन औषधं, कपाट चार वाहनं. गेम कपाट चार, खण दोन. बाहेर त्याचं चित्र लावलं, चित्रावर दाबलं की गेम हजर. आता कुणीही यावं आणि डोळे मिटून काढावं!

"म्हणजे हलवलात."

हलवला नाही. लावला.

"अहो, तिनं ठेवला होता तिथे आहे का?"

नाही.

"मग हलवलात."

अहो, हिला कसं सांगू? वस्तू जागेवरून काढली तर हलवली म्हणतात. जागेवर नेली तर लावली म्हणतात! यात फरक नाही? चाळीस वर्षं मला त्या फरकाचा पगार मिळाला! पण हिने ऐकून घेतलं नाही, पेनवाल्याला फोन लावला, "कपाट चार, खण दोन" सगळं सांगितलं आणि फोन माझ्या कानाला लावला. तो पलीकडे हसतोय की खोकतोय, कळेना. म्हणाला, "आजोबा, ती मागची खोली म्हणजे जुनी डिस्क आहे. कागद-फोटो ठेवायला ठीक, पण कामाला गोगलगाय. एवढा मोठा गेम तिथून चालवला तर चित्र अडकणारच. आणि तो प्रोग्रॅम नेहमीच्या जागीच शोधतो. तुमच्या कपाटात तो कशाला बघेल?"

कपाळाला हात लावला मी. म्हणजे चित्र अडकवलं कुणी? मी. ट्रक दरीत घातला कुणी? मी. गेम दडवला कुणी? मी! तो प्रोग्रॅम बापडा तीन दिवस दारात उभा राहून खरं तेच सांगत होता, की इथे नाही हो, इथे नाही, आणि मी आतून ओरडतोय, समोर आहे, समोर आहे! ही म्हणाली, "तीन दिवस तुमच्या समोर होतं, आणि म्हणता सापडत नाही!" उठून गेली. कप मला विसळावा लागला.

मग गेम परत नेला. कपाटातून काढून पुन्हा त्या दारातल्या पसाऱ्यात, गाणी आणि बिलं यांच्या मधोमध. नीट लावलेली वस्तू आपल्या हाताने बेजागी ठेवायची... निवृत्तीच्या दिवशी इतकं वाईट वाटलं नव्हतं. बटण दाबलं. गोल फिरायच्या आत लिहून आलं, "एक गेम सापडला." आत्ता सापडला! पसाऱ्यात सापडला! असो.

शनिवारभर फोन हातात घेतला आणि ठेवला. घेतला आणि ठेवला. तिचाही आला नाही.

रविवार. साडेतीनला दाढी केली. शर्ट घातला. का घातला? ट्रकमधून तर मीच मला उतरवलं होतं. चारला पाच कमी असताना कानाला हेडफोन लावला आणि गेम उघडला. नकाशाच्या जागेवर ती होती. ड्रायव्हरच्या जागेवर रूममेटचं नाव. मी बघत बसलो. तेवढ्यात ते नाव पुसलं गेलं. नात कोरड्या आवाजात म्हणाली, "हिला घाट बघून चक्कर येते. बसायचं तर बसा."

बसलो.

काय चालवला म्हणून सांगू! लोणी! चित्र एकदाही अडकलं नाही, वळणामागून वळण, ती सांगतेय, मी वळवतोय, कामापुरतं बोलणं, मधलं काही नाही... आणि नवव्या वळणावर मी ब्रेकऐवजी दुसरंच काहीतरी दाबलं. दरीत. पण काय सांगू, अगदी झुळझुळ! एकेक दगड स्पष्ट दिसला!

तिकडे खिदळल्याचा आवाज. एकीचा नव्हे, होस्टेलच्या सात-आठ जणींचा. आणि नात विचारते, "आता कशाने गेला, आबा? माझ्या भंगाराने?"

मी म्हटलं, "नाही. माझ्या हाताने. आणि आधीचे तीनही माझ्याच हाताने. गेम मी हलवला होता. भंगार म्हणालो ते चुकलो. माफ कर."

मग हळूच म्हणाली, "आबा... स्पीकर चालू आहे."

"माहीत आहे," म्हटलं.