टायगरचे सोमवार

(चुडाव्याच्या शिवारातला एक आखाडा, म्हणजे शेतातली राहती वस्ती. पूर्ण्याची किराणा दुकानवाली वैजयंती सकाळच्या गाडीनं आली आहे. आखाड्यावर आश्रुबा आणि त्याची बायको सारजाबाई.)

आश्रुबा : पिल्लू देतो की वैनी, का न देऊ? पाच हायेत. पर आधी मला सांगा, घरात दिवसभर कोण असतंय?

वैजयंती : मी असते, सासूबाई असतात. हे खाली दुकानात. मुलगी सृष्टी नांदेडला शिकायला गेली.

आश्रुबा : म्हंजे अजून दुकानावरच्याच दोन खोल्यांत राहायलाव?

वैजयंती : हो. अठरा पायऱ्या.

आश्रुबा : अन् खाली फरशी?

वैजयंती : फरशीच. पुसली की पाय घसरतो माणसाचासुद्धा.

सारजाबाई : अन् खायला काय घालनार?

आश्रुबा : थांब गं. येतो मी तिथवर.

सारजाबाई : तुमी येस्तोर ह्या पिल्लू घेऊन गाडीत बसतील. मला तेवढंच इचारायचंय.

वैजयंती : मला कसं पाहिजे ते सांगू का, भाऊ? पाठीवर काळं अन् पायाला पिवळसर असावं. लय मोठं होऊ नये. अन् दूध-पोळीवर राहणारी जात असावी. आहे का तुमच्याकडं तशी?

आश्रुबा : दूध-पोळीवर राहनारी जात माणसात हाय वैनी, कुत्र्यात न्हाई.

वैजयंती : चेष्टा नका करू.

आश्रुबा : चेष्टा न्हाई. गावरान घेतलं तर ते तुमच्या घरात निभून जाईल. शिळं-पाकं खाईल, उन्हात राहील, पायऱ्या चढल-उतरल. पर त्याला बी मधून मधून काही तरी लागतंयच. अन् काळ्या पाठीचंच कामून?

सारजाबाई : कळत न्हाई का तुमाला? टायगरसारखं पायजे ह्यान्ला.

वैजयंती : …हो. टायगरसारखं.

सारजाबाई : तुमी आल्यापून एकदा बी बाजेकडं बघितलं न्हाई. त्या बाजेखाली झोपलाय बगा तो.

वैजयंती : बघितलं. आले तेव्हाच बघितलं.

आश्रुबा : मंग हाक मारायची की. त्याला हितं सोडून दीड वर्ष झालं, तुमचे आप्पा येऊन जातेत मधून, तुमी आज पयल्यांदा आलाव.

वैजयंती : हाक मारली अन् तो आला तर काय करू?

सारजाबाई : आँ? येऊ द्या की. कुत्रं हाय, सावकार हाय का?

वैजयंती : तुमाला सांगते कशासाठी आले ते. आत्याबाईंना, म्हणजे सासूबाईंना, वर्षभरापासून आठवण राहत नाही. सृष्टी सुट्टीला आली की तिला माझं नाव घेऊन बोलवतात. पण संध्याकाळ झाली की टायगरच्या वाटीत दूध ओततात अन् जिन्यात उभ्या राहून हाका मारतात. तासभर. खालून गिऱ्हाईक वर बघतेत. मला विचारतात, कुठं गेला गं? मी म्हणते, दवाखान्यात आहे, उद्या येतो. रोज उद्या येतो. मग म्हणलं, तसलंच एखादं पिल्लू नेलं तर… त्यांना आता नजरेनं कमी दिसतं.

सारजाबाई : खरा हितं हाय अन् तुमी नकली हुडकायला आलाव?

वैजयंती : खऱ्याला कोणत्या तोंडानं नेऊ?

आश्रुबा : असं काही मनाला लावून घेऊ नका वैनी. चूक तुमची न्हाई. आप्पाला शौक, नांदेडहून घेऊन आले, पोलिसातलं कुत्रं म्हणून. म्या तवाच दुकानात म्हणलो होतो, आप्पा, कुत्रं घर बघून घ्यावं. ह्या जातीला पळायला रान लागतंय, हाडं लय मोठी, त्याला खुराक तसा पायजे. आप्पा म्हणले, आमच्या घरी दुधा-तुपाला काय कमी? आता तुमच्या घरात म्हातारी एवढी कडक. अंडं उंबऱ्याच्या आत येऊ देत न्हाई म्हणल्यावर सून काय करनार?

वैजयंती : हे कोण म्हणलं तुमाला?

आश्रुबा : आप्पाच. इथं सोडायला आले तवा. डोळे पुसत होते. म्हणले, आईला चालत न्हाई रे आश्रुबा, न्हाई तर पोराचे पाय वाकले नसते.

वैजयंती : त्यांना मीच तसं सांगितलं होतं.

आश्रुबा : काय?

वैजयंती : आत्याबाईंनी कधी नाही म्हणलंच नव्हतं.

सारजाबाई : बसा बाई. उभं राहून नका सांगू. पानी घ्या.

वैजयंती : पाणी नको. जनावरांच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं. हाडं मऊ पडली म्हणले, दूध-पोळी हा ह्याचा खुराक नाही. अंडी द्या, उन्हात न्या, फरशीवरून काढा. औषध लिहून दिलं. मी म्हणले, घरात सासूबाई आहेत, शिवपूजेचं घर, अंडं कसं चालेल? घरी आले अन् आत्याबाईंनी विचारलं, काय म्हणला डॉक्टर? मी सांगितलं. तर म्हणल्या, त्याचं तोंड त्याचं, आपलं तोंड आपलं. गच्चीवर एक भांडं वेगळं ठेव, मी पूजेला बसले की घालून ये. पंच्याहत्तर वर्षांची बाई, गळ्यातलं लिंग मुठीत धरून मला सांगायली. अन् मी म्हणले, नको.

आश्रुबा : पर कामून?

वैजयंती : सोमवारामुळं.

सारजाबाई : कसला सोमवार?

वैजयंती : तो आला तेव्हा श्रावण होता. आमच्या घरी सगळ्यांना सोमवार. त्या दिवशी चूल पेटत नाही संध्याकाळपर्यंत. म्हणून त्यालाही नुसतं वाटीभर दूध दिलं. तिसऱ्या सोमवारी शेजारची राजेश्री आली. तो देवघरासमोर पाय पसरून गप पडलेला. तिनं विचारलं, ह्याचाही उपवास आहे काय? मी हसत म्हणले, हो. बास. चार दिवसांत गल्लीभर झालं. वैजयंतीचं कुत्रं सोमवार करतं.

आश्रुबा : हे मी बी ऐकलं होतं. पूर्ण्याच्या बाजारात. मला वाटलं, गंमत करायलेत.

वैजयंती : बाया यायच्या संध्याकाळी. त्याच्या गळ्यात हार घालायच्या. कुणी तर पाया पडायची. मठातले स्वामी घरी आले, त्यांना कुणी तरी सांगितलं, त्यांनी त्याच्या कपाळाला भस्म लावलं. मग लोक मला बाजारात थांबवायला लागले. तुमीच का त्या टायगरवाल्या? लग्न होऊन वीस वर्षं झाली होती, भाऊ. तोवर मी आप्पाची बायको होते, नाही तर चन्नबसम्माची सून. श्रावण संपला, पण सोमवार मी संपू दिला नाही. आता ज्याच्या पाया पडतेत त्याला गच्चीवर अंडं घालायचं? कुणी बघितलं तर?

सारजाबाई : अन् ते लेकरू मागत नव्हतं व्हय सोमवारी?

वैजयंती : पहिले दोन सोमवार मागितलं. वाटी तोंडात धरून माझ्या मागं मागं फिरला, पार न्हाणीपर्यंत. तिसऱ्या सोमवारी मागायचं सोडलं. त्याला मी भक्ती म्हणले.

आश्रुबा : सारजे, काही बोलू नको.

सारजाबाई : बोलनार. बाई, आमी ऊस तोडायला जातो तवा फडावर आमची लेकरं बी मागायचं सोडायची. आई दमलीय, भाकर व्हायला येळ हाय, हे त्यान्ला कळायचं. गप बसायची. पर त्याला आमी कवा भक्ती म्हणलो न्हाई.

वैजयंती : म्हणा. आणखी म्हणा. मला घरात कुणी काही म्हणतच नाही. हे आईला दोष देतेत, आईला आता काही आठवत नाही. मी दोघांच्या मधी निवांत बसलेय, अंगावर एक ओरखडा नाही.

आश्रुबा : आला बगा. आवाजानं उठला तुमच्या.

वैजयंती : अगं बाई. पाय… किती फेंगडे झाले हो.

आश्रुबा : आधीपरीस बरे हायेत. आणला तवा उभं राहता येत न्हवतं. हिनं तेल लावलं, उन्हात बसवलं, अंडी घातली. हाड कडक झालं, पर वाकलं ते वाकलंच.

वैजयंती : टायगर. …ओळखलं हो. पदर धरला. शेपटी बघा. ह्याला राग कसा येत नाही माझा?

आश्रुबा : कुत्र्याला राग धरून ठेवता येत न्हाई, वैनी. जमतच न्हाई त्याला.

सारजाबाई : रडू नका. रडून त्याचा पाय सरळ व्हनार न्हाई. माजं ऐका आता. परवा मुकादमाची गाडी येनार हाय. आमी दोघं ऊसतोडीच्या टोळीत जायलोत, सहा म्हैने. पिल्लं चौघाजनांनी सांगून ठेवलीत, ती जातील. पर ह्याचं काय?

वैजयंती : गेल्या वर्षी काय केलं?

सारजाबाई : नेला संगं. ट्रॅक्टरवर उचलून चढवला. फडात उसाच्या पाचटात त्याला चालता येईना, पाय अडकायचा. मंग कोपीत, आमच्या खोपटात, बांधला. सहा म्हैने कोपीच्या तोंडातून बाहेर बघत बसला. ह्या साली मला ते बघवनार न्हाई. हितं एकला सोडावा तर गावची कुत्री त्याला जगू देत न्हाईत, पळता येत न्हाई ना.

आश्रुबा : आप्पाला निरोप धाडनारच होतो मी. तेवढ्यात तुमीच आलाव, पिल्लू मागत.

वैजयंती : अठरा पायऱ्या तो कसा चढेल?

आश्रुबा : त्यानं कशाला चढायचं? दुकानामागं गोदाम हाय न? फरशीवर तरट टाका दुहेरी. मागलं दार उघडं ठेवा, सकाळचं ऊन येतंय तिथं. म्हातारीला हात धरून खाली आणा संध्याकाळी. घर त्याला जुळत न्हाई तर घरानं थोडं सरकावं. एकदा त्यानं सरकून बघितलंय.

सारजाबाई : अन् रोज दोन अंडी. जमलं तर ऐतवारी खाटकाकडून आनलेलं काही, वेगळ्या भांड्यात उकडून. सोमवारी बी अंडी. सोमवारी तर आधी.

वैजयंती : बाया विचारतील.

सारजाबाई : इचारू द्या.

वैजयंती : अन् मला सांगावं लागेल. की तो उपवास करतच नव्हता, मी करून घेत होते. राजेश्रीला सांगावं लागेल. ज्या पाया पडल्या त्या सगळ्यांना. आप्पांना सांगावं लागेल, की आईचं नाव मी घेतलं. ते तर दीड वर्षापासून आईशी धड बोलत नाहीत. आत्याबाईंना कारणही माहीत नाही. हे फक्त मला, आईला जेवायला वाढ, म्हणतात, तेवढंच.

आश्रुबा : हे मातर तुमाला आजच सांगावं लागंल. म्हातारीला आठवतंय तोवर की आपल्याला पोरगा हाय. लय कडू बोललो.

वैजयंती : नाही. खरं बोललात. फोन लावते त्यांना. टमटम घेऊन या म्हणते. बाकीचं… बाकीचं ते आले की इथंच सांगते, तुमच्यासमोर. घरी गेले तर माझी जीभ वळणार नाही.

सारजाबाई : पिल्लू?

वैजयंती : पिल्लू नको.

सारजाबाई : मंग हे घ्या. चुलीवर ठेवलंच होतं त्याच्यासाठी.

वैजयंती : माझ्या हातानं?

सारजाबाई : मंग? तिथवर माजा हात पुरनार हाय का? घ्या. चावत न्हाई अंडं.

वैजयंती : गरम आहे. …आजवर हात लावला नाही हो कधी. सोलायचं कसं हे?

आश्रुबा : दगडावर आपटा. हळू. हां. आता नखानं काढा टरफल. बारीक कपची राहू देऊ नका, टोचतंय.

वैजयंती : वास येतो.

सारजाबाई : येतोच. होईल सवय.

वैजयंती : घे, टायगर. …घे ना. खात नाही हो हा.

सारजाबाई : असं कसं? रोज माज्या हातातून हिसकून घेतंय. बोटासकट खातंय का काय वाटतं. आज काय झालं त्याला?

वैजयंती : नुसता बसलाय. तोंड फिरवलं.

आश्रुबा : फिरवलं न्हाई, वैनी. अंड्याकडं बघून मंग तुमच्या तोंडाकडं बघायलाय. नीट बगा. तुमी काय म्हणताव ते बघायलाय.

वैजयंती : खा, बाळा. मी काही म्हणत नाही.